नीलांजनची दूधआई

घोड्यांच्या जगात बापाची किंमत कमी, असं सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. नामांकित नराचे फोटो छापून येतात, त्याच्या नावावर वर्षाला शंभरेक शिंगरं जन्माला येतात, हे सगळं खरं. पण दोन घोड्यांना भावंडं म्हणायचं, तर आई एक लागते. बाप एक आणि आया वेगळ्या असल्या, तर ते एकमेकांचे कोणीही लागत नाहीत. शर्यतीच्या घोड्यांचा हा रिवाज सगळ्या जगात असाच आहे. शंभर लेकरांच्या बापाला कोण धरून बसतो! धरायची ती आई. घराणं तिचं, खानदान तिचं, आणि वंशावळीच्या पुस्तकात पान उघडायचं तेही तिच्याच नावाचं.

आणि चूक झाली ती नेमकी आईच्याच बाबतीत. ती केली होती डॉ. मंजिरी खळदकर यांनी, आणि चूक असूनही कित्येक वर्षं ती देशातल्या सगळ्या शर्यतींचा कायदा होऊन बसली होती.

मंजिरी शर्यत मंडळाच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेची प्रमुख. प्रयोगशाळा रेसकोर्सच्या कुंपणाला लागून, खिडकीतून मैदान दिसायचं. त्या सकाळी तिच्या खोलीचं दार न वाजवताच उघडलं आणि खोर्शेदबाई आत आल्या. शिरवळच्या बाजूला त्यांचा आजोबांपासूनचा, घोड्यांच्या पैदाशीचा स्टडफार्म. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, पण ती टेकायला कमी आणि रोखायला जास्त. जन्म पुण्यात गेला, तरी मराठीत ‘तुम्ही’ नावाचा शब्द आहे ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नसावी.

“डॉक्टर, तू मला तोंडावर सांग,” त्या खुर्चीत न बसताच म्हणाल्या. “मी चोर?”

“बाई, मी कुणाला चोर म्हटलेलं नाही. नीलांजनच्या अंगात दुसऱ्या घोड्याच्या पेशी सापडल्यात. नियम तुम्हाला ठाऊक आहे.”

“नियम तूच लिहिलास.”

“हो. मीच लिहिला.”

हा नियम काय आणि कशासाठी, ते सांगायला हवं. औषध देऊन घोडा पळवायचे दिवस कधीच सरले होते, कारण औषध रक्तात सापडतं. मग हुशार डोक्यांनी नवी शक्कल काढली. एखाद्या दमदार घोड्याच्या स्नायूंतल्या जिवंत पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि दुसऱ्या घोड्याच्या रक्तात सोडायच्या. त्या पेशी तिथे बिऱ्हाड थाटतात, झिजलेले स्नायू सांधतात. घोडा दमत नाही, दुखलं तरी थांबत नाही, पळतच राहतो. हाडं मात्र त्याची स्वतःचीच असतात. ती एक दिवस दगा देतात.

मंजिरीचा नवरा दिगंबर जॉकी होता. अशाच एका घोड्यावर तो बसला होता, शेवटच्या वळणावर घोड्याचा पाय काडीसारखा मोडला आणि मागून येणारे घोडे दिगंबरच्या अंगावरून गेले. त्यांची रेवा तेव्हा महिन्याचीही नव्हती. घोड्याला काय टोचलं होतं ते सगळं रेसकोर्स जाणून होतं, पण सिद्ध करायला कुणाकडे चाचणी नव्हती.

ती चाचणी मंजिरीने तयार केली. आयुष्याची उमेदीची वर्षं तिने त्यात घातली. घोड्याचं चमचाभर रक्त घ्यायचं आणि त्यातल्या लाखो पेशी एकेक करून वाचायच्या. प्रत्येक पेशीत त्या जनावराची ओळख लिहिलेली असते. आता, आईच्या काही पेशी लेकराच्या अंगात असतातच, त्या निसर्गानेच दिलेल्या. म्हणून वंशावळीच्या पुस्तकात जी आई लिहिली आहे, तिचा साठवलेला नमुना काढायचा आणि तिच्या पेशी वजा करायच्या. एवढं करूनही एखादी पेशी परकी उरली, की घोडा कायमचा बाद. शर्यत नाही, पैदासही नाही, पुस्तकातून नावच पुसायचं. नियमाच्या मसुद्यात मंजिरीने हट्टाने तीन शब्द घातले होते: ‘कारण काहीही असो’. कारणं ऐकत बसलो तर वकील आपल्याला विकून खातील, असं तिने मंडळाला सांगितलं होतं, आणि मंडळाला ते पटलं होतं.

“नीलांजन गेली तर माझ्याकडे काय उरतं, सांगू?” खोर्शेदबाई आता बसल्या. काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. “माझ्या ग्रँडफादरने एक घोडी बोटीतून आणली होती. तिचं नाव लॅम्पलाइट. तिची मुलगी दीपिका. मग शमा. मग हरिकेन लँटर्न. मग ब्लू लॅम्प. आमच्या घरात नियम, या घोडीच्या मुलीला नाव द्यायचं तर दिव्याचंच. आणि ब्लू लॅम्पची ही एकच मुलगी. बाप टेम्पल रोड, आई ब्लू लॅम्प. देऊळ आणि निळा दिवा, म्हणून मी नाव ठेवलं नीलांजन. सगळे म्हणाले, बाई, काय सुंदर नाव! ही बाद झाली की दिवा विझला. मी पण मग कशाला राहायचं?”

नीलांजन सगळ्या पुण्याला ठाऊक होती. अंगाने बारकी, कपाळावर पांढरा टिळा. पहिल्या शर्यतीत फाटक उघडलं तरी ती तिथेच उभी, लोक हसले. मग निघाली ती शेवटच्या वळणावर सगळ्यांना गाठून पुढे. त्यानंतर तिला हरवणं कुणाला जमलं नाही. पावसाळी हंगामातली शिंगींची, म्हणजे तरुण माद्यांची, सगळ्यात मोठी शर्यत, ओक्स, आता तोंडावर होती, आणि ती तिचीच, असं पैज न लावणारेही म्हणत होते.

“बाई, मला वाईट वाटतं,” मंजिरी म्हणाली. “पण माझे हात बांधलेले आहेत.”

“वाईट वाटतं! तुला काय माहीत आहे त्या पोरीचं? आई तिला चाटायलासुद्धा राहिली नाही. शिंगरू बाहेर आलं आणि ब्लू लॅम्प संपली. थेंब दूध नाही मिळालं तिला आईचं. तरी जगली, तरी जिंकली. आणि तू तिला एका कागदावर...”

मंजिरीच्या हातातलं पेन थांबलं.

“मग दूध कुणाचं प्यायली ती?”

“कुणाचं म्हणजे? शिंगरू पोरकं झालं की दुसरी घोडी आणतात, तशी आणली. गावठी घोडी होती, लग्नाच्या वरातीतली. तिचं शिंगरू त्याच दिवशी मेलेलं जन्मलं होतं. अरे, हे सगळेच करतात. त्यात सांगण्यासारखं काय आहे?”

सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात आईचा रकाना एकच, आणि घोड्यांचे लोक त्यात जन्म देणारीलाच लिहिणार. पाजणारीला कोण विचारतो! मंजिरीनेही विचारलं नव्हतं. चाचणी बसवताना तिने जे घोडे तपासले, ते सगळे सख्ख्या आईच्या अंगावर वाढलेले होते.

गाईचा चीक आपण खरवसाला वापरतो. तसा घोडीलाही पहिल्या दिवशी चीक येतो. शिंगराच्या बाबतीत तो जन्ममरणाचा प्रश्न असतो, कारण त्याला रोगाशी लढायची ताकद पोटात मिळत नाही, सगळी चिकातून मिळते. त्यासाठी निसर्गाने त्याच्या आतड्याची दारं पहिला दिवसभर सताड उघडी ठेवलेली असतात. चिकात जे येईल ते सरळ रक्तात. आणि चिकात जिवंत पेशीही असतात. हे मंजिरी पुस्तकात शिकली होती, परीक्षेत लिहूनही आली होती. पण त्या पेशी आत जाऊन वर्षानुवर्षं राहतील, वाढतील, आणि एक दिवस तिच्याच यंत्रासमोर परक्या म्हणून उभ्या राहतील, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

“ती घोडी कुठे आहे आता?”

“मला काय ठाऊक? सुप्याचा माणूस होता. दस्तगीर.” खोर्शेदबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. “डॉक्टर, तुझा चेहरा का असा उतरला?”

*

संध्याकाळी मंजिरी घरी आली तेव्हा रेवा भाजी निवडत फोनवर बोलत होती. रेवा एका इस्पितळाच्या दूधपेढीत काम करायची. ज्या बाळांच्या आयांना दूध नसतं, त्यांच्यासाठी दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध साठवायचं आणि पोचवायचं, हे तिचं काम. फोन कुणाचा, ते मंजिरीला न विचारताही कळलं. त्या आवाजात रेवा एकाच माणसाशी बोलायची.

“माईचा गुडघा फारच धरलाय गं,” फोन ठेवून रेवा म्हणाली. “वॉकरशिवाय उठता येत नाही. दादा जहाजावर, सहा-सहा महिने तोंड दिसत नाही त्याचं. मी स्पष्टच विचारते, आपण तिला इथे का नाही आणत?”

माई म्हणजे दिगंबरची थोरली बहीण, सारिकाताई; दादा तिचा मुलगा. ताई सासवडला राहायची. दिगंबर गेल्यावर रेवाला तिनेच तीन वर्षं सांभाळलं होतं.

“बघू,” मंजिरी म्हणाली.

“दर वेळी बघू! तुझं काय घोडं मारलंय गं तिने?”

ताईने काहीच वाईट केलं नव्हतं, हेच तर दुखणं होतं. दिगंबर गेला त्या दिवशी मंजिरीचं दूध आटलं. रेवा बाटली तोंडात धरेना, रडून रडून निळी पडायची. ताईचा मुलगा तेव्हा अंगावर पीत होता. ताईने एक शब्दही न बोलता रेवाला उचललं, पदराखाली घेतलं, आणि एकीकडे आपला, एकीकडे भावाची, असं दोघांना पाजलं. ते पाहून मंजिरीला कृतज्ञ वाटायला हवं होतं. तिला वाटला तो मत्सर. पुढे ती प्रयोगशाळेत बुडाली. तीन वर्षांनी लेकीला न्यायला गेली, तर पोर ताईच्या कमरेला घट्ट धरून ‘आई, आई’ म्हणून हंबरडा फोडत होती. त्यानंतर मंजिरी सासवडला गेली ती सणावारी, पाहुण्यासारखी. आणि दुधाची गोष्ट तिने रेवाला कधी सांगितली नाही. ताईनेही सांगितली नाही. भावजयीला आवडायचं नाही, हे ती समजून होती.

विषय टाळायला मंजिरीने नीलांजनची हकिकत सांगितली. रेवाचे डोळे विस्फारले.

“म्हणजे आमच्या पेढीतल्या प्रत्येक बाळाच्या अंगात एक अनोळखी बाई राहते? अगं, काय भारी आहे हे! आणि माणसांतही असंच असणार ना?”

“असेल. माणसांत थोडं कमी, पण असेल.”

“बिचारी बाळं. कुणाकुणाला घेऊन हिंडतात.” रेवा हसली, भाजीची जुडी पुढे ओढली. “माझं बरंय. माझ्यात फक्त तू.”

मंजिरी उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिली.

*

दुसऱ्या दिवशी ती सुप्याला निघाली. दिवेघाट चढून सासवड आलं, ताईच्या गल्लीचं तोंड दिसलं, आणि तिने गाडी सरळ पुढे काढली. सुप्याला जायची तिच्यावर सक्ती नव्हती. ‘कारण काहीही असो’ या शब्दांनी ती पुरती झाकलेली होती. गप्प बसली असती तरी कुणी बोट दाखवलं नसतं. आणि घोडी सापडली तर पुढे काय वाढून ठेवलंय, हेही तिला दिसत होतं. रायबागकर नावाच्या ट्रेनरचा आयर्न गेट हा घोडा तिच्याच चाचणीने बाद केला होता. आज एका शिंगीसाठी कारण ऐकलं, तर उद्या तोही येऊन उभा राहणार, माझाही घोडा गावठी घोडीचं दूध प्यायलाय म्हणून. आणि रायबागकरने पेशी टोचल्या होत्या याबद्दल मंजिरीला तिळमात्र शंका नव्हती. सबंध वाटेत तिला परत फिरावंसं वाटत होतं. ती फिरली नाही इतकंच.

दस्तगीरभाई घरी नव्हते, लग्नाला गेले होते. मंजिरी त्या लग्नाच्या गावी पोचली तेव्हा नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला होता. गोंगाटाचा नवा कायदा आल्यापासून वराती मुक्या झाल्या होत्या. गाणं ज्याच्या त्याच्या कानात वाजायचं. भर उन्हात शे-दीडशे माणसं हातवारे करत, घामाघूम होऊन नाचत होती आणि आवाज होता फक्त चपलांचा. मधोमध एक पांढरी घोडी, कपाळावर आरशांचा गोंडा, पाठीवर बाशिंग सावरणारा नवरदेव. लगाम धरून चालणारा दाढीवाला म्हातारा म्हणजे दस्तगीर.

मारुतीच्या देवळापाशी नवरदेव उतरला, तेव्हा मंजिरीने त्यांना गाठलं.

“शिरवळच्या बाईंच्या फार्मवर तुमची एक घोडी नेली होती. पोरक्या शिंगराला पाजायला.”

“ही काय, हीच ती,” म्हाताऱ्याने घोडीच्या मानेवर थाप मारली. “कानात वाजंत्री आल्यापासून हिला सुख झालंय बघा, पहिल्यांदा फटाक्यांनी नुसती थरथरायची. फार्मची गोष्ट विचारता? हिचं शिंगरू मेलेलं झालं. दाणा तोंडात घेईना, नुसती माती हुंगायची. तेवढ्यात फार्मचा माणूस धावत आला. पण घोडी परकं शिंगरू जवळ घेते होय, बाई? लाथ घालते. मग काय, मेलेल्याचं कातडं काढलं आणि त्या पोरक्या पोरीच्या अंगावर पांघरलं. हिने हुंगलं, परत हुंगलं, आणि चाटायलाच लागली. कातडं काढल्यावरसुद्धा मग तिला अंतर दिलं नाही हिने. पोरगी मोठी झाल्यावर हिला परत आणली, तर आठ दिवस शिरवळच्या दिशेला तोंड करून खिंकाळायची.”

त्यांनी गोंड्याची दोरी नीट केली. “ती पोरगी कशी आहे हो? पळते का?”

“पळते,” मंजिरी म्हणाली. “फार पळते. हिचं थोडं रक्त हवंय मला. पोरीच्याच कामाला.”

“घ्या की. दूध दिलं, तिथं रक्ताचं काय!”

“हिचं नाव काय?”

“चिमणी.”

*

पेशी जुळल्या. नीलांजनच्या अंगातली एकूण एक परकी पेशी चिमणीची होती. मंजिरीने तो निकाल मंडळापुढे ठेवला तेव्हा लांबलचक मेजाच्या एका टोकाला खोर्शेदबाई बसल्या होत्या आणि दुसऱ्या टोकाला अध्यक्ष मोहिते. सैन्यातून निवृत्त झालेला, मोजकं बोलणारा माणूस. दिगंबरच्या अंत्ययात्रेला तो आला होता.

“डॉक्टर, निकाल समजला,” मोहिते म्हणाले. “पण त्या घोडीच्या पेशी कुणी मुद्दाम टोचल्या नाहीत कशावरून?”

“वरातीत चालणाऱ्या घोडीच्या पेशी शर्यत जिंकायला कोण टोचेल, साहेब?”

कुणीतरी हसलं. मोहिते हसले नाहीत.

“नियमात ‘कारण काहीही असो’ आहे. ते शब्द तुमचे. मी स्वतः म्हटलं होतं की हे जरा कडक होतंय. तुम्ही ऐकलं नाहीत.”

“नाही ऐकलं.”

“आता ते काढले, तर रायबागकर उद्या सकाळी माझ्या दारात असेल. दूध पाजणारी घोडी मेली म्हणून सांगेल. ते खोटं आहे, हे तुम्ही सिद्ध करू शकाल?”

“नाही. पेशी दुधातून आली की सुईतून, हे पेशीवर लिहिलेलं नसतं. ती कुणाची, एवढंच कळतं. यापुढे पाजणाऱ्या प्रत्येक घोडीचं रक्त जन्माच्या वेळीच साठवून ठेवता येईल, आईच्या शेजारी तिचाही रकाना करता येईल. मग नव्या घोड्यांत कुणाला फसवता येणार नाही. पण जे आधीच जन्मलेत, त्यांच्या बाबतीत संशयाचा फायदा द्यावा लागेल.”

“रायबागकरलाही.”

“त्यालाही.”

“आणि त्याचा घोडा उद्या कुणाला घेऊन कोसळला, तर?”

हाच प्रश्न मंजिरीने रात्रंदिवस स्वतःला विचारला होता. तिने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

“साहेब, दिगंबर गेला तेव्हा मला कुणाला तरी शिक्षा हवी होती. ती कुणाला बसते, याची मला तेवढीशी पर्वा नव्हती. ते तीन शब्द मी शास्त्र म्हणून नाही लिहिले, राग म्हणून लिहिले. चाचणी मी चुकीची बसवली. जन्म देणारी आणि पाजणारी एकच असणार, असं मी धरून चालले. माझ्यासारखीने तरी तसं धरायला नको होतं. चूक माझी आहे. त्या शिंगीची नाही, आणि तिला जगवलं त्या घोडीचीही नाही. रायबागकरच्या घोड्यावर कोणी बसणार असेल, तर त्या जॉकीला मी स्वतः जाऊन सगळं सांगेन. तेवढंच माझ्या हातात आहे.”

मोहित्यांनी मान हलवली आणि मतं मागितली. बहुतेक हात वर गेले.

बाहेर आल्यावर खोर्शेदबाईंनी मंजिरीचा दंड धरला. “नाव काय म्हणालीस त्या घोडीचं?”

“चिमणी.”

म्हातारी गचकन थांबली. काठी तिच्या हातातून निसटली, ती उचलायचंही तिला भान राहिलं नाही.

“डॉक्टर! चिमणी म्हणजे रॉकेलचा छोटा दिवा ना? माझ्या लहानपणी आमच्या आयाबाईच्या खोलीत होती. लाइट गेले की आम्ही सगळी पोरं तिच्याभोवती बसायचो.” तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. “अरे, ती पण दिवाच निघाली. ती पण माझ्याच घरची निघाली!”

*

ओक्सच्या दिवशी रेवा सुट्टी काढून आली. आईचं काम तिने लहानपणापासून दुरूनच पाहिलं होतं. तिने शर्यतीचं पुस्तक उघडलं आणि बोट ठेवून वाचायला लागली. बाप टेम्पल रोड. आई ब्लू लॅम्प. दूधआई चिमणी. तो शब्द त्या पुस्तकात पहिल्यांदाच छापला गेला होता. त्या पानावर रेवाचं बोट जरा जास्तच वेळ राहिलं.

नीलांजन नेहमीसारखी उशिरा सुटली, नेहमीसारखी वळणावर उसळली, आणि नाकभर फरकाने हरली. खोर्शेदबाईंना त्याचं काही नव्हतं. “हरली तर हरली! नाव पुस्तकात आहे ना? मुली होतील तिला, दिव्याच्या नावाच्या,” असं त्या येईल त्याला सांगत होत्या.

पुढच्याच शर्यतीत रायबागकरचा, बंदी उठलेला आयर्न गेट होता. मंजिरीने आदल्या दिवशी त्याच्या जॉकीला गाठून सगळं सांगितलं होतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि म्हणाला होता, “मॅडम, मी नाही बसलो तर दुसरा कोणीतरी बसेल.” आता घोडे शेवटच्या वळणाला आले आणि मंजिरीने कठडा असा धरला की तिची नखं पांढरी पडली. ज्या ठिकाणी दिगंबर पडला होता तिथून आयर्न गेट दौडत पुढे गेला. जिंकला. जॉकी उतरला, स्वतःच्या पायांनी चालत गेला. आज वाचला. आता प्रत्येक शर्यतीला हे असंच होणार, हे मंजिरीला कळून चुकलं होतं.

रेवाने तिचा हात धरला, तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. मग पुस्तक मांडीवर ठेवून, खाली बघतच विचारलं,

“आई, बाबा गेले तेव्हा मी महिन्याचीही नव्हते. आमच्याकडे पेढीत येतात ना, अशा धक्क्याने दूध गेलेल्या बायका. रोज बघते मी.” ती थांबली. “तुला तेव्हा दूध होतं?”

खोटं बोलणं सोपं होतं. इतकी वर्षं ते न बोलताही जमलं होतं.

“नव्हतं,” मंजिरी म्हणाली.

रेवाने पुस्तकातल्या त्या शब्दावर हात ठेवला आणि ती रडायला लागली, लहानपणी सासवडच्या अंगणात रडली होती तशीच. या वेळी मंजिरीने तिला ओढून घेतलं नाही. ती रडू थांबेपर्यंत शेजारी बसून राहिली आणि मग म्हणाली, “चल. ऊन आहे तोवर निघू.”

सासवडला त्या गल्लीच्या तोंडाशी गाडी या वेळी वळली. ताई वॉकर धरून दारात आली. आधी रेवाला पाहून तिचा चेहरा फुलला, मग मागे मंजिरी दिसली तशी ती जरा सावरली.

“तू कशी काय गं? आज काही सण नाही.”

“ताई, तुम्हाला न्यायला आलोय. कायमचं.”

ताईने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. रेवाचे सुजलेले डोळे पाहिले आणि तिला सगळं उमगलं असावं. पण बोलली ती नेहमीच्याच ठसक्यात.

“आणि तुझ्या त्या सोसायटीतल्या बायका विचारतील, ही कोण, तर काय सांगशील? नणंद आणून ठेवलीय म्हणून?”

“रेवाची आई आहे म्हणून सांगेन,” मंजिरी म्हणाली.

“मग तू कोण?”

“मीही.”

ताईने वॉकर बाजूला सारून हात पुढे केला, आणि मंजिरीने तो धरला.